मागच्या काचेवरची सुंदरम्मा

गुरुशांतला माहीत नाही अशी गोष्ट सोलापुरात अजून पैदा व्हायची आहे! निदान त्याचं स्वतःचं मत तरी तसंच होतं. नव्या पेठेत त्याचं चादरी-टॉवेलांचं दुकान. गिऱ्हाईक टॉवेल घ्यायला यायचं आणि गुडघेदुखीवरचा उपाय, पोराला कुठल्या शाखेत घालावं याचा सल्ला, फ्रिज कुठल्या भिंतीला लावावा याचं मार्गदर्शन, सगळं घेऊन जायचं. टॉवेल तेवढा कधी कधी विसरायचं.

अशा या सर्वज्ञ माणसाला सासऱ्यांनी लग्नानंतर अकरा वर्षांनी आपली गाडी चालवायला दिली. हसू नका! मुलगी देताना चनमल्लप्पा एका बैठकीत 'हो' म्हणाले होते. गाडीचं तसं नव्हतं. अक्कलकोटला आयुष्यभर भुसाराचा धंदा करून म्हातारपणी घेतलेली ती पांढरी गाडी. आभाळ भरून आलं की हा माणूस आधी गाडीवर ताडपत्री टाकायचा आणि मग गच्चीवरच्या पापडांचं बघायचा.

आणि त्या गाडीच्या मागच्या काचेवर, पेंटरच्या हातची, ठळक पिवळी आणि लाल किनारीची अक्षरं होती: सुंदरम्मा.

सुंदरम्मा म्हणजे सासूबाई! लोक गाडीवर देवाचं नाव टाकतात, पोराबाळांची टाकतात. चनमल्लप्पांनी बायकोचं टाकलं. गाडी आली त्या दिवसापासून सुंदरम्मांची तक्रार सुरू होती.

"आमी बायका नवऱ्याचं नाव कदी तोंडातून काढत न्हाई, अन् हे माझं नाव बाजारभर फिरवायला लागलेत! स्टँडवरची पोरं म्हणत्यात, सुंदरम्मा आली, सुंदरम्मा गेली! लाज वाटती की! पुसा ते!"

चनमल्लप्पा ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ती अक्षरं मऊ फडक्यानं पुसून लख्ख करायचे. पण जावयाला गाडी दिली त्या आठवड्यात वाद जरा जास्तच पेटला. जेवता जेवता चनमल्लप्पा ताटावरून उठले आणि म्हणाले, "बरं! पुसतो! उद्याच पुसतो!" अर्थात पुसलं बिसलं काही नाही. हे भांडण तेवढं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

गाडी देण्याचं कारण होतं उखळ. गुरुशांतच्या बायकोला, सिद्धेश्वरीला, मिक्सरमधली शेंगाची चटणी आवडत नव्हती. "तो नुसता दाण्याचा भुगा! चटणीला तेल सुटलं पाहिजे, अन् ते उखळातच सुटतं," असा तिचा ठाम सिद्धांत. तिच्या आईनं आपलं जुनं दगडी उखळ आणि मुसळ लेकीला द्यायचं ठरवलं. मोटारसायकलवर उखळ येईना, म्हणून शनिवारी सकाळी चनमल्लप्पांनी चावी काढली. जावयाच्या हातात ठेवली. पुन्हा काढून घेतली. शेवटी डोळे मिटून दिली.

"मामा, अजिबात काळजी करू नका," गुरुशांत म्हणाला. "गाडीतलं मला सगळं माहीत आहे!"

अक्कलकोट ते सोलापूर त्यानं गाडी अशी चालवली की कुंभारीजवळ एका बैलगाडीनं त्याला मागं टाकलं. घरी पोचला, उखळ उतरवलं, आणि मुसळ निम्मं बाहेर ओढलंय तेवढ्यात दुकानातल्या मित्राचा फोन आला. आता अशा वेळी माणूस बढाई मारणार नाही तर काय करणार?

"अरे, सासऱ्यांनी स्वतः चावी दिली! स्वतः! विश्वास लागतो त्याला, विश्वास!" असं म्हणत त्यानं ऐटीत डिकी दाणकन लावली. मुसळ तसंच तिरकं, लोखंडी कडं लावलेलं टोक वर!

फाड्!

मागची अख्खी काच क्षणात खडीसाखर होऊन डिकीत, सीटवर आणि गुरुशांतच्या चपलांत सांडली. आवाज ऐकून सिद्धेश्वरी बाहेर आली. तिनं गाडीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, आणि खाली वाकून एक पिवळा तुकडा उचलला.

"अय्यो! अव्वाच्या नावाचा नुसता अनुस्वार राहिलाय हो!"

"काही घाबरू नकोस," गुरुशांत म्हणाला. त्याचा आवाज मात्र घाबरलेला होता. "काच बदलणं म्हणजे काय मोठं काम आहे? मी सगळं वाचलंय त्याच्यावर."

त्यानं झाडू घेतला, सगळे खडे गोळा केले आणि नेमक्या तेव्हाच आलेल्या घंटागाडीत टाकून दिले. पुरावा नष्ट! मग मागून सताड उघडी गाडी घेऊन तो अक्कलकोट रोडवर कल्लप्पाच्या गॅरेजवर गेला.

कल्लप्पा गाड्यांच्या काचा बसवायचा. माणूस हुशार, पण त्याचं तोंड हातापेक्षा जोरात चालायचं. गाडी बघताच तो ओरडला, "कुणी दगड मारला हो? नाव सांगा, बघून घेतो त्याला!"

"मुसळ लागलं."

कल्लप्पानं हातातला पाना खाली ठेवला. "मुसळ? साहेब, एवढ्या वर्षांत क्रिकेटचा बॉल बघितला, माकड बघितलं, नारळ बघितला. गाडीला मुसळ पहिल्यांदाच!" मग तो कामाला लागला. "विमावाल्यांना कळवलंत का? फुटक्या काचेचा फोटो काढलात?"

"आधी काच, मग कळवू. मला माहीत आहे," गुरुशांत म्हणाला. नंतर त्यानं कळवलं तेव्हा पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात फुटक्या काचेचा फोटो मागितला, आणि घंटागाडी तोवर कचरा डेपोवर पोचली होती.

"हितं बघा," कल्लप्पा म्हणाला, "तुमच्या काचेत त्या बारीक आडव्या रेघा होत्या, काच गरम करायच्या. धुकं धरलं की बटण दाबायचं. तशीच काच घ्यायला पायजे. पुण्याहून मागवावी लागती. मंगळवारी येईल."

गुरुशांत हसला. "धुकं? सोलापुरात? अहो, इथं काचेवर भाकरी भाजते! ती आणखी गरम कशाला करायची?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सासूबाई!

"जावई, उखळ नीट पोचलं न्हवं? ऐका, आमी उद्या सकाळच्या यष्टीनं येतोय. पहिल्यांदा कुटायच्या आधी त्याला हळद-कुंकू मी माझ्या हातानं लावणार. जाताना मग आपल्याच गाडीनं जातो."

उद्या सकाळी! आणि पुण्याची काच मंगळवारी! फोन ठेवून तो म्हणाला, "कल्लप्पा, बिनरेघांची काच आहे? मग आत्ताच्या आत्ता बसव!"

कल्लप्पानं दिवेलागणीपर्यंत काच बसवली. बसवली मात्र झकास! कडेनं काळा गम फिरवला, वरून चिकटपट्ट्या मारल्या आणि बोट उगारून बजावलं, "उद्या संध्याकाळपर्यंत गम पक्का हुणार न्हाई. तवर पाणी मारायचं न्हाई, दार आपटायचं न्हाई. अन् पुढची एक काच बोटभर खाली ठेवा. सगळ्या काचा बंद करून दार आपटलं तर आतल्या हवेला जायला जागा न्हाई, ती काचेलाच ढकलती. कळलं?"

"माहीत आहे हो!" गुरुशांत म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं गाडीत धूळ जाऊ नये म्हणून चारी काचा गच्च बंद केल्या. चिकटपट्ट्या बघून सासऱ्यांना संशय येईल म्हणून त्या सोलून टाकल्या. नावासाठी श्रीशैल पेंटरला फोन केला, पण तो एका दुकानाच्या पाटीत अडकलेला. "उद्या दुपारी नक्की," म्हणाला. सिद्धेश्वरीनं सांगून बघितलं, "अहो, सरळ अप्पांना खरं सांगून टाका की!"

"वेडी आहेस का? अकरा वर्षांनी चावी मिळालीय! उद्या दुपारपर्यंत त्यांना घरातून हलू द्यायचं नाही. श्रीशैल येईल, नाव टाकेल, संपलं!"

रविवारी सकाळी सासू-सासरे रिक्षातून उतरले आणि सुंदरम्मांची नजर सगळ्यात आधी गाडीवरच गेली. मागची काच कोरी! स्वच्छ! नावाचा मागमूस नाही!

सुंदरम्मा जागच्या जागी थांबल्या. एकदा काचेकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं. नवरा रिक्षावाल्याशी बोलण्यात गुंग होता. पिशवी उचलून त्या तडक घरात गेल्या आणि दाराकडं पाठ करून उखळासमोर बसल्या.

"म्हणजे पुसलंच शेवटी," त्या लेकीला हळूच म्हणाल्या. "मी म्हणत होते पुसा, पुसा. पण खरंच पुसतील असं वाटलं न्हवतं गं." आणि त्यांनी पदर डोळ्याला लावला. दारातून गुरुशांतनं ते ऐकलं आणि तो हळूच बाहेर सटकला.

इकडं चनमल्लप्पांनीही काच बघितली. त्यांचा चेहरा उन्हात ठेवलेल्या कोथिंबिरीसारखा पडला. ते काचेवर हात फिरवत राहिले, मग गुरुशांतला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या सासूनं सांगितलं न्हवं तुमाला? पुसून घ्या म्हणून? मला कळतंय. अन् घासलंय बी किती! त्या रेघासुद्धा गेल्या की घासून घासून!"

आता इथं एखादा सरळ माणूस असता तर म्हणाला असता, नाही मामा, मुसळ लागलं. पण गुरुशांतच्या डोक्यात दुसराच हिशेब चालला. सासूबाईंना वाटतंय सासऱ्यांनी पुसलं. सासऱ्यांना वाटतंय सासूबाईंनी पुसून घेतलं. आपल्यावर कुणाचाच संशय नाही! दुपारी श्रीशैल येईपर्यंत गप्प बसायचं एवढंच काम. तो "हं" म्हणाला आणि चहा सांगायला आत पळाला.

घरात मात्र हवा तापत चालली. सुंदरम्मांनी उखळाला हळद-कुंकू लावलं, पण नवऱ्याकडं बघितलं नाही. सिद्धेश्वरीनं दाणे उखळात टाकले. सुंदरम्मांनी मुसळ उचललं, आणि असं कुटायला लागल्या की खालच्या मजल्यावरचे भाडेकरू वर बघून गेले. चटणीला तेल सुटलं, पण चव बघायला कुणाची छाती होईना.

"ह्यांना विचार," सुंदरम्मा लेकीला म्हणाल्या, "भाकरी वाढू का?"

"हिला सांग," चनमल्लप्पा लेकीला म्हणाले, "बेडा! नको! मला भूक न्हाई!"

दोघांत हातभराचं अंतर, आणि मधे सिद्धेश्वरी पोस्टमनचं काम करत होती. तिनं नवऱ्याकडं असं बघितलं की गुरुशांतनं नजर उखळाकडं वळवली.

"चाळीस वर्षं झाली," सुंदरम्मा उखळालाच सांगत होत्या. "चाळीस वर्षांत कवा साडी आणली न्हाई स्वतःहून, कवा गोड बोलले न्हाईत. एक नाव तेवढं टाकलं होतं. ते बी नकोसं झालं."

"नकोसं कुणाला झालं?" चनमल्लप्पा ताडकन उठले. "रोज पुसा पुसा कोण म्हणत होतं? घे! झालं तुझ्या मनासारखं!"

"माझ्या मनासारखं? मी इथंच ऱ्हाते आता लेकीकडं. जावा तुमी एकटे तुमच्या गाडीतनं!"

"जातो! मी निघालोच अक्कलकोटला!" टेबलावरची चावी उचलून ते जिना उतरायला लागले.

सिद्धेश्वरीनं नवऱ्याला चिमटा काढला, असा की दंड दोन दिवस निळा होता. "बोला आता! माझ्या आईबापाचा संसार मोडायला लागलाय तुमच्या मुसळापायी!"

गुरुशांत घाबरला. खरंच घाबरला! काच, चावी, अकरा वर्षांची इज्जत, सगळं बाजूला राहिलं. म्हातारा माणूस चिडून एकटाच निघालाय, म्हातारी रडतीये, आणि हे सगळं आपल्यामुळं! तो जिन्यावरून धावत खाली गेला. चनमल्लप्पा गाडीत बसलेच होते. हात दाराकडं गेला.

"मामा! दार आपटू नका!"

चनमल्लप्पांनी दार आपटलं. त्या दारात चाळीस वर्षांचा राग होता!

सगळ्या काचा गच्च बंद. आतली हवा जाणार कुठं? मागची नवी काच वरच्या कडेनं हळूच सुटली आणि बाहेर कलायला लागली. गुरुशांत झेपावला! दोन्ही हात पसरले, पोट लावलं, गाल लावला आणि पालीसारखा काचेला चिकटून उभा राहिला.

चनमल्लप्पांनी आरशात बघितलं. मागच्या काचेवर जावई! नाक चपटं, डोळे वटारलेले!

काच खाली करून ते ओरडले, "जावई, हे काय? पाया पडायचं असेल तर पुढनं येऊन पडा! बाजूला व्हा!"

"नाही होत!" गुरुशांत ओरडला. "मामा, ही काच नवीन आहे! काल बसवलीय! जुनी मी फोडली! मुसळानं! नाव कुणीच पुसलं नाही, नाव माझ्या हातून फुटलं!"

गल्लीतल्या बायका दारात येऊन बघायला लागल्या. सुंदरम्मा जिन्यात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदर खाली घेतला.

"म्हणजे तुमी पुसलं न्हाई?"

चनमल्लप्पा गाडीतून उतरले. या वेळी दार अगदी हळू लावलं. "मी कशाला पुसू? येड लागलंय का मला? रोज सकाळी पुसत होतो ती धूळ, नाव न्हाई!" त्यांचा आवाज जरा कापला. "मला वाटलं तूच पुसायला लावलंस. जीव लई थोडा झाला माझा."

"मी लाजून म्हणायचे ओ," सुंदरम्मा खाली बघत म्हणाल्या. "पुसा म्हणायचे, पण बाजारात गाडी दिसली की नाव हाय का बघायचे."

"व्हय?"

"व्हय!"

दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिले. सिद्धेश्वरीचे डोळे भरून आले. गल्लीतल्या बायकांचेही. फक्त गुरुशांत सोडून सगळ्यांना फार छान वाटत होतं.

"कुणीतरी कल्लप्पाला फोन करा!" तो काचेवरून ओरडला. "हात भरून आले!"

"थांबा जरा," चनमल्लप्पा मागं न बघता म्हणाले. "मोठी माणसं बोलायला लागलीत."

शेवटी सिद्धेश्वरी चिकटपट्टीचं मोठं रीळ घेऊन आली, काच तात्पुरती बांधली आणि नवऱ्याचं खाजणारं नाकही खाजवून दिलं. मग चौघंजण गाडीतून, सगळ्या काचा खाली करून, कल्लप्पाकडं निघाले. गाडी सुंदरम्मांच्या हुकमानं पायी चालल्याच्या वेगानं चालली.

कल्लप्पानं सगळं ऐकून दोन्ही हात जोडले. "साहेब, मी सांगितलेलं सोडून दुसरं सगळं केलंत की तुमी!" त्यानं जुना गम खरवडला, नवा लावला, आणि या वेळी पट्ट्या अशा मारल्या की काढायला करवत लागली असती. "गाडी उद्या संध्याकाळपर्यंत हितंच. चावी बी माझ्याकडं!"

तेवढ्यात गुरुशांतला फोनवर पत्ता विचारून श्रीशैल पेंटर रंगाचे डबे घेऊन तिथंच हजर झाला. कल्लप्पा म्हणाला, "हात हलका ठेव रं," आणि श्रीशैलनं ब्रश पिवळ्या रंगात बुडवला.

"बोला, काय नाव टाकू? सुंदरम्माच ना?"

"न्हाई," सुंदरम्मा म्हणाल्या.

चनमल्लप्पांचा चेहरा पुन्हा पडायच्या बेतात आला.

"मी लई फिरले आता. या बारीला ह्यांचं टाका."

"ह्यांचं म्हणजे? नाव सांगा की आजी."

सुंदरम्मा गप्प! चाळीस वर्षांत जे नाव तोंडातून काढलं नव्हतं ते अक्कलकोट रोडवर उभं राहून कसं काढणार? त्यांनी लेकीकडं बघितलं. सिद्धेश्वरी आभाळाकडं बघायला लागली. जावयाकडं बघितलं. एरवी सगळ्यांना सल्ले देणारा जावई आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसला होता. श्रीशैलनं म्हाताऱ्यांना विचारलं, "आजोबा, तुम्हीच सांगा की."

चनमल्लप्पांनी हाताची घडी घातली. डोळ्यांत मिश्कील चमक. "मला काय विचारतो? जिला टाकायचंय तिला विचार."

रस्त्यावरच्या दोन रिक्षा थांबल्या. एक ऊस भरलेला ट्रॅक्टर थांबला. त्याच्या मागं आणखी गाड्या आणि हॉर्न! सुंदरम्मांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, मान खाली घातली आणि नव्या नवरीच्या आवाजात म्हणाल्या:

"शेंगाची चटणी तिखट, ज्वारीची भाकरी कडक,
चनमल्लप्पांचं नाव घेते, थांबवून सगळी सडक!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! ट्रॅक्टरवाल्यानं शिट्टी मारली. कल्लप्पा पाना पत्र्यावर बडवायला लागला. चनमल्लप्पा इतके लाजले की गॅरेजमधल्या टायरांच्या मागं जाऊन उभे राहिले.

थोड्या वेळानं तिथून बाहेर येऊन ते गुरुशांतजवळ आले. गुरुशांत मान खाली घालून म्हणाला, "मामा, चुकलं माझं. आधीच सांगायला हवं होतं."

चनमल्लप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आमी यष्टीनं जातो. उद्या गम वाळला की गाडी तुमीच घेऊन या अक्कलकोटला. चालवायची बी तुमीच, इथनं पुढं कवाबी."

गुरुशांत पाया पडायला वाकला. एवढा मोठा विश्वास! "मामा..." म्हणत तो उठला. तोवर चनमल्लप्पा श्रीशैलकडं गेले होते आणि त्याच्या कानात काहीतरी सांगत होते. श्रीशैल मान डोलावून हसत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कल्लप्पानं रस्त्याकडं तोंड करून ठेवलेली गाडी घेऊन गुरुशांत, मागं न बघताच, निघाला. पुढची काच बोटभर खाली, वेग बेताचा, छाती फुगलेली. एक गोष्ट त्याला जरा विचित्र वाटली. मागून येणाऱ्या गाड्या जवळच येत नव्हत्या. सगळ्या लांबून, आदबीनं चालत होत्या. शेवटी एका ट्रकनं त्याला मागं टाकलं, आणि जाता जाता ड्रायव्हरनं खिडकीतून वाकून विचारलं,

"काय ओ, जावई तुमीच का?"

गुरुशांतनं गाडी कडेला घेतली. उतरला. दार अगदी हळू लावून मागं गेला. काचेवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत 'चनमल्लप्पा' होतं, लाल किनारीसकट. आणि त्याच्या खाली, जरा लहान पण लांबूनही वाचता येतील अशा स्वच्छ अक्षरांत, लिहिलं होतं: 'जावयापासून अंतर ठेवा!'

ट्रक पुढं जाऊन थांबला होता. ड्रायव्हर अजून उत्तराची वाट बघत होता.

"व्हय," गुरुशांत म्हणाला. "मीच."